अमळनेरहून नेलेलं रजिस्टर

२०१२ च्या ऑगस्टातला मंगळवार. आमच्या भागात त्या आठवड्यात दुपारी दोन ते पाच भारनियमन होतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मिशनसाठी माझी मुलाखत बरोबर तीनला, स्काइपवर. पलीकडे दक्षिण सुदानची राजधानी जुबा. अमळनेरातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे इन्व्हर्टर होता, म्हणून त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवून मी बसले होते.

पॅनेलवर तिघं होते. पहिलाच प्रश्न आला: एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन गटांना तुम्ही एकत्र बसवलं, असा एखादा प्रसंग सांगा. मी धुळ्याचं सांगायला लागले. २००८ च्या ऑक्टोबरात धुळ्यात दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षं मी एका लहानशा संस्थेबरोबर तिथल्या वस्त्यांत काम करत होते. एका गल्लीच्या दोन टोकांना दोन समाज आणि मध्ये एकच सार्वजनिक नळ. दंगलीनंतर बायका हंडे घेऊन यायच्या त्या वेगवेगळ्या वेळेला, आणि वेळेवरून रोज वाद व्हायचे. त्या नळाच्या वेळेपासूनच बोलणं सुरू झालं होतं. मी सांगत गेले: आम्ही घरोघरी गेलो, आम्ही वेळा ठरवल्या. पॅनेलवरच्या बाईंनी दोनदा थांबवलं. "'आम्ही' नको. त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?"

आपल्याकडे दहा जणांनी केलेलं काम 'मी केलं' म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. पण प्रश्न रास्त होता. मी जरा थांबले आणि सांगितलं की अकरा दिवस रोज पहाटे पाचला मी स्वतः हंडा घेऊन त्या नळावर उभी राहिले, मी त्या गल्लीतली नसताना. बाराव्या दिवशी दोन्ही टोकांच्या बायका माझ्याशी बोलता बोलता एकमेकींशी बोलल्या. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कॉलेजची मुलं-मुली आता मला विचारतात, 'ताई, यूएनमध्ये कसं जायचं?' त्यांना मी आधी हेच सांगते. आपण नेमकं काय केलं ते आठवून ठेवा, तारखेसकट.

गावात अजूनही कुणी माझी ओळख 'आपल्या राजदूत' म्हणून करून देतं. ते बरोबर नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. राजदूत आपल्या सरकारची बाजू मांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत असलेल्या माणसाला सनदेच्या कलम १०० प्रमाणे कुठल्याच सरकारकडून आदेश घेता येत नाहीत, स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही नाही. राजेश्वर दयाळ १९६० मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी होते, अतुल खरे २००६ ते २००९ पूर्व तिमोरच्या मिशनचे प्रमुख होते. आपल्या परराष्ट्र सेवेतून घडलेली ही माणसं. मी होते 'यूएन व्हॉलंटिअर'. या कार्यक्रमाचं मुख्यालय जर्मनीत, बॉनला. पगार नसतो, निर्वाह भत्ता असतो. मिशनच्या नागरी व्यवहार विभागात माझी नेमणूक झाली, आणि मोठ्या करारांच्या पायथ्याशी जे काम चालतं ते माझ्या वाट्याला आलं. मला तेच हवं होतं.

निवडीचा मेल नोव्हेंबरात आला. मग कागदपत्रं. पोलीस पडताळणीचा दाखला, सगळी वैद्यकीय तपासणी, सुरक्षेचे दोन ऑनलाइन कोर्स, आणि मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपायचं. एका कार्यालयात माझा दाखला तीन आठवडे नुसता सहीसाठी पडून होता. चौथ्या खेपेला मी बाकावरून उठलेच नाही, तेव्हा मिळाला. या भागात याहून सांगण्यासारखं काही नाही.

घरचं अवघड होतं. २१ डिसेंबर २०१२ ला जाँगले प्रांतात मिशनचं हेलिकॉप्टर दक्षिण सुदानच्याच सैन्याने पाडलं. चार रशियन कर्मचारी गेले. माझी माय पेपर वाचत नाही, पण बातमी तिच्यापर्यंत पोचलीच. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातली. बिबड्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात करायच्या असतात, ऐन थंडीत कुणी करत नाही. फिकट उन्हात त्या वाळायला चार दिवस लागले. मला जाऊ द्यायचं तिने ठरवलं होतं, हे मला त्या वाळवणावरून कळलं.

आप्पांनी एकच विचारलं, "तठे तू नेमकं काय करशी?"

आप्पा आमच्या गावच्या तंटामुक्त समितीवर होते. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून. बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडवला, उभ्या पिकात गुरं घातली, अशी प्रकरणं घेऊन माणसं आमच्या ओट्यावर यायची. आप्पा लाल कापडी पाठीच्या लांब रजिस्टरात सगळं लिहीत. मी म्हणाले, तुम्ही करता तसंच काहीसं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दोन्हीस्नं आयकी ले. पन फैसला तू देऊ नको."

पुढे जुबाच्या प्रशिक्षणात निष्पक्षतेवर अर्धा दिवस शिकवलं गेलं. चांगलं शिकवलं. पण त्याचा गाभा मी घरूनच घेऊन गेले होते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये जुबाला उतरले. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात आणि मिशनची वाहन परीक्षा पास झाल्याशिवाय फिल्डवर सोडत नाहीत. रेडिओवर बोलायचं शिकायचं, रोज संध्याकाळी आपल्या सांकेतिक नावाने हजेरी द्यायची. मग अवेल. उत्तर बहर अल गझल प्रांताची राजधानी, सुदानच्या सीमेच्या अलीकडे. तिथे दोन महिनेही झाले नव्हते, आणि ९ एप्रिलला जाँगलेमध्ये काफिल्याला सोबत करणारे पाच भारतीय जवान दबा धरून केलेल्या हल्ल्यात गेले. आमच्या कॅम्पात सगळे रेडिओभोवती उभे होते. रात्री आप्पांचा फोन आला. "जेवनी ना?" एवढंच म्हणाले.

तिथल्या मातीने मला आधार दिला, असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. मिशनमधले इंजिनिअर दक्षिण सुदानच्या रस्त्यांबद्दल बोलताना 'ब्लॅक कॉटन सॉइल' असंच म्हणायचे. कपाशीची काळी माती! पाऊस पडला की चाकाला थापून बसते, गाडी जागची हलत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बाकीच्यांना तिचं नवल वाटायचं, मला घरच्यासारखं. खाणंही ज्वारीचंच. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचा पातळ पापुद्रा तव्यावर पसरून करतात, त्याला किस्रा म्हणतात. ती पसरवणाऱ्या बाईचा हात बघितला आणि खापरावर मांडे टाकणारी माझी आत्या आठवली.

आणि गुरं. तिथल्या दिंका लोकांचा सगळा जीव गुरांत. तरुण पोराला बैल मिळाला की त्या बैलाच्या रंगावरून पोराचंही नाव पडतं: पांढऱ्या बैलाचा माबिऔर, काळ्यापांढऱ्याचा माजोक, तांबड्याचा मालुआल. आमच्या दुभाष्याचंही असंच रंगावरचं नाव होतं. मी त्याला फोनवर पोळ्याचा फोटो दाखवला: आमचा ढवळ्या, शिंगांना हिंगूळ, टोकाला गोंडे, पाठीवर झूल. त्याने तो मोठा करून शिंगांची टोकं बघितली. त्याच्याकडेही शिंगांना गोंडे बांधतात. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'बैलवाल्यांची मुलगी' झाले, आणि गावोगाव तो माझी हीच ओळख करून द्यायला लागला. त्याने काम फार सोपं झालं.

आता मूळ कामाकडे येते.

तेव्हाच्या एकसंध सुदानमध्ये दक्षिणेचं युद्ध १९८३ ला सुरू झालं, ९ जानेवारी २००५ ला नैरोबीतल्या कराराने संपलं. २०११ च्या जानेवारीत सार्वमत झालं, ९८.८३ टक्के लोकांनी वेगळं होण्याचा कौल दिला, ९ जुलै २०११ ला नवा देश झाला. कागदावर इतकं सरळ आहे. पण उत्तरेतल्या बाबानुसाहून वाऊला जाणारी रेल्वे अवेलवरून जाते, आणि १९८० च्या दशकात त्याच रुळांच्या कडेने मुराहालीन टोळ्या यायच्या. गावं जाळायच्या, गुरं आणि बायका-पोरं पळवून न्यायच्या. त्या टोळ्यांत उत्तरेकडचे मिसेरिया आणि रिझेगात गुराखी होते. मी ताप्ती व्हॅली लाइनवरच्या गावची. गाडीची शिटी म्हणजे माझ्यासाठी सुट्टी आणि मामाचं गाव. अवेलजवळच्या एका म्हातारीने रुळांकडे हात केला आणि सांगितलं, "माझी बहीण त्या बाजूने नेली." त्यानंतर मला माझ्या गावच्या रेल्वेकडेही पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

तेच मिसेरिया आजही दर वर्षी कोरड्या हंगामात गुरं घेऊन दक्षिणेला येतात. यावंच लागतं, कारण उत्तरेत चारा-पाणी आटतं आणि कीर नदीच्या काठी गवत टिकून असतं. पूर्वी एकच देश होता, आता मध्ये सीमा आली. २७ सप्टेंबर २०१२ ला अदिस अबाबात दोन्ही देशांनी जे करार केले, त्यात नदीच्या दक्षिणेचा चौदा मैलांचा पट्टा सैन्यमुक्त ठेवायचं ठरलं. पण गुरांना करार वाचता येत नाही. शिवाय गुरांमागून साखर, मीठ, कापड घेऊन व्यापारी येतात, आणि अवेलच्या बाजाराला ते हवे असतात.

खान्देशातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवाळीनंतर ठेलारी मेंढरं घेऊन उतरतात, काठेवाडी गाई घेऊन येतात. शेतकरी स्वतः बोलावून रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतो, खताच्या मोबदल्यात धान्य देतो. आणि त्याच मेंढरांनी शेजारच्याच्या हरभऱ्यात तोंड घातलं की काठ्या निघतात. तिथे काठीच्या जागी कलाश्निकोव्ह असते, एवढाच फरक, आणि तो फार मोठा फरक आहे.

म्हणून गुरं यायच्या आधी दोन्ही बाजूंची एक परिषद घेतात. वाटा कुठल्या, तारीख कुठली, हत्यारं आणायची की नाही, मागच्या हंगामातल्या खुनांची भरपाई काय, हे तिथे ठरतं. गुरं परतल्यावर दुसरी, आढाव्याची परिषद. पहिलीला निधी मिळतो, पाहुणे येतात, फोटो निघतात. दुसरी चिखलाच्या दिवसांत असते आणि तिच्यासाठी हेलिकॉप्टरची जागा मागताना सुद्धा भांडावं लागतं. माझ्या मते दुसरीच महत्त्वाची. मी चार वर्षं हे सांगत राहिले.

जूनपासून मी गावं फिरायला लागले. आपल्या तालुक्यासारखी काउंटी, त्याखाली पायाम, सगळ्यात खाली बोमा. प्रत्येक ठिकाणी मुखियाला भेटायचं, मागच्या वर्षी काय बिघडलं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं. दिंकातून अरबीत, अरबीतून इंग्रजीत, आणि माझ्या डोक्यात मराठीत. एका वाक्याला पाच मिनिटं लागायची. सुरुवातीला मला घाई व्हायची. मग लक्षात आलं की या मधल्या वेळात बोलणाऱ्याचा राग निवतो, आणि पुढचं वाक्य जरा खालच्या पट्टीत येतं.

सप्टेंबरात पोळ्याला घरी सुट्टीवर आले. आप्पांना सगळा घोळ सांगितला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. "समोरासमोर बसाडू नको, एकमेकना तोंडं देखीसन राग वाढस." आणि म्हणाले, ठरलेलं पाळलं का, हे लिहिणारा माणूस आधी नेम, कागद कुठेही मिळेल. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लाल पाठीची दोन लांब रजिस्टरं घेतली. अवेलला परतल्यावर कॅम्पातल्या कंटेनरमध्ये बसून पट्टीने रकाने आखले: तारीख, कुणाची गुरं, कुठे, काय झालं, काय ठरलं, पाळलं का. मथळे इंग्रजीत मी लिहिले, अरबीत एका सहकाऱ्याने. नव्या वहीच्या पहिल्या पानावर वरती मध्यभागी लिहितात तसं हात आपोआप वळला आणि '॥ श्री ॥' लिहून गेला. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

परिषद नोव्हेंबरात झाली, तीन दिवस. मोठ्या झाडाखाली ताडपत्र्या लावल्या. मिसेरियांकडून ओमदा आणि शेख, म्हणजे त्यांचे प्रमुख, दिंकांकडून मुखिये, शेजारी प्रशासनाची माणसं. बसायची मांडणी अर्धचंद्रासारखी केली, सगळ्यांची तोंडं झाडाच्या बुंध्याकडे. पहिली अडचण मांसाची. मिसेरिया मुसलमान, दिंका ख्रिस्ती नाहीतर आपल्या जुन्या देवांना मानणारे. पंगत वेगळी झाली असती तर सगळंच वेगळं झालं असतं. मी म्हणाले, आमच्या गावात बोकड मुलाणी कापतो आणि सगळा गाव जेवतो. मुखियाने क्षणभर विचार केला आणि बैलाचा कासरा ओमदाच्या माणसाच्या हातात दिला. एका भांड्यातलं जेवण झालं.

पहिला दिवस तरीही वाया गेला असं वाटलं. भरपाईवर गाडं अडलं. खुनाच्या भरपाईला अरबीत दिया म्हणतात, दिंकांत अपुक. ती गाईंत मोजतात, एका माणसाच्या तीस-एकतीस गाई. मागच्या हंगामातली देणी दोन्हीकडून थकलेली, आणि प्रत्येक बाजू म्हणे आधी तुम्ही द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मिसेरिया म्हातारा उठला. त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गुरं राखताना मारला गेला होता. मला वाटलं, तो मुलाबद्दल बोलेल. तो गाईंबद्दल बोलला. मुलगा त्या दिवशी अकरा जनावरं घेऊन गेला होता, आणि म्हाताऱ्याने एकेकीचं वर्णन सांगितलं. रंग, शिंगांचा वळसा, कुठली मारकी, कुठली मुलाच्या मागे मागे फिरायची. दुभाष्याला वेळ लागत होता, कारण दिंका भाषेत गुरांच्या रंगांना इतके शब्द आहेत की नेमका शोधावा लागतो. तो प्रत्येक रंगाला थांबत होता, म्हाताऱ्याला परत विचारत होता. अख्खी सभा ऐकत होती. सातव्या गाईला एका दिंका मुखियाने हात वर केला. "डावा कान फाटलेला का?" म्हातारा हो म्हणाला. मुखिया खाली बघून म्हणाला, "ती माझ्या भाच्याच्या गोठणीत आहे."

कुणीच काही बोललं नाही. मलाही काही सुचलं नाही, आणि ते बरंच झालं. थोड्या वेळाने मुखियाच म्हणाला की गाय उद्या संध्याकाळपर्यंत इथे येईल, आणि बाकी दहांचं तो भाच्याकडून वदवून घेईल. गाय आली. म्हाताऱ्याने तिच्या फाटक्या कानाला हात लावला, आणि मग ताडपत्रीखाली यायलाच तयार होईना. गाईजवळच बसून राहिला. त्या संध्याकाळी थकलेल्या दियांची यादी पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी एकत्र बसून केली.

बायकांचं राहिलं होतं. महिला, शांतता आणि सुरक्षा यांवरचा १३२५ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने २००० सालीच केला आहे. त्याच्या आधारे मी आठ बायकांसाठी जागा मागून घेतली होती. त्या आल्या, पण मागे बसल्या आणि गप्प राहिल्या. मी दोन्ही दिवस दुपारी झाडामागे चहा विकणाऱ्यांजवळ जाऊन बसत होते. तिथे त्या बोलल्या. त्यांच्यासाठी मुख्य प्रश्न हातपंपांचा होता. गुराखी पोरं पहाटे गावातल्या हातपंपावर गुरं आणतात, पंप दिवसभर अडकतो, मुली तीन-तीन तास उभ्या राहतात, आणि हाणामारीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. पुरुषांच्या यादीत पंपाचा शब्दही नव्हता. धुळ्याच्या नळावरची माझी पहाट मला आठवली. मी त्यातल्या थोरल्या बाईंना विचारलं, हे तुम्ही उठून सांगाल का? त्या म्हणाल्या, तू शेजारी उभी राहिलीस तर. मी उभी राहिले. त्या इतकं रोखठोक बोलल्या की ओमदाने सगळं लिहून घ्यायला लावलं: गुरं गावच्या पंपावर आणायची नाहीत, हफीरवरच न्यायची. हफीर म्हणजे आपलं शेततळं. करारात त्याची एक ओळ आली.

तिसऱ्या दिवशी सह्या आणि अंगठे झाले. दोन्ही बाजूंची मिळून एक समिती नेमली आणि रजिस्टर तिच्या हवाली केलं. तेव्हा दुभाष्याने पहिल्या पानावरच्या चिन्हावर बोट ठेवलं. हे काय? माझ्या पोटात गोळा आला. निष्पक्ष म्हणून बसलेल्या बाईने दोघांच्या वहीवर आपल्या धर्माचं अक्षर काढलं होतं. मी माफी मागितली आणि पान फाडायला हात घातला. ओमदाने मला थांबवलं. पान फाडलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही, असं तो म्हणाला. आप्पाही हेच म्हणाले असते. त्याने अर्थ विचारला. मी म्हणाले, काम नीट सुरू व्हावं म्हणून लिहितात. "आम्हीही वरती बिस्मिल्ला लिहितो," म्हणत त्याने पेन घेतलं आणि श्रीच्या उजव्या अंगाला ते लिहिलं. समितीचा दिंका कारकून ख्रिस्ती होता. त्याने डाव्या अंगाला छोटा क्रूस काढला.

महिनाभराने, १५ डिसेंबर २०१३ ला, जुबात राष्ट्रपती आणि माजी उपराष्ट्रपती यांच्या बाजूच्या सैनिकांत गोळीबार सुरू झाला आणि बघता बघता देश पुन्हा युद्धात गेला. बोर, बेंटिऊ, मलाकाल, एकेक शहर. आमचा प्रांत त्या मानाने शांत होता, पण अत्यावश्यक नसलेल्या कर्मचाऱ्यांना हलवायचा आदेश आला आणि मी युगांडात एंटेबेला जाऊन बसले. ते दोन महिने मला आजही नकोसे वाटतात. सहकारी गेल्याच्या, कॅम्पांच्या दारात हजारो माणसं आश्रयाला आल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि मी तळ्याकाठच्या खोलीत अहवाल टाइप करत होते. आप्पा फोनवर विचारायचे, "रजिस्टर कोनकडे शे?" मी म्हणायचे, माहीत नाही.

मार्चमध्ये परतले. दुभाषी विमानपट्टीवर आला होता, बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर. कॅम्पात पोचायची वाट न बघता मी गाडीतच उघडलं. गुरं आली होती. जुबा पेटलेलं असताना, आमच्यापैकी कुणी तिथे नसताना, समिती दर पंधरवड्याला बसली होती. तीन पानं भरलेली, दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. शेतात शिरलेली गुरं आणि दिलेली ज्वारी. हरवलेल्या दोन गाई, एक सापडली. पंपावर आणलेली गुरं, गुराख्याला दंड, आणि शेवटच्या रकान्यात 'पाळलं'. एका नोंदीपुढे 'पाळलं नाही' असंही होतं, आणि ती वाचून मला जास्त आनंद झाला, कारण वही खोटी नव्हती.

मे महिन्यात आढाव्याची बैठक झाली. पाहुणे नव्हते, फोटो नव्हते, झाडाखाली चिखल होता. त्याच महिन्याच्या २७ तारखेला सुरक्षा परिषदेने मिशनची कामं बदलली; राज्य उभारणीची जबाबदारी मागे पडली आणि नागरिकांचं संरक्षण हे पहिलं काम झालं. ते बरोबरच होतं, हजारो माणसं आमच्या तारेच्या आत राहत होती. पण आमच्या विभागाचं कामही आखडलं, आणि पुढच्या प्रत्येक हंगामात या दोन बैठकांसाठी मला नव्याने कागद रंगवावे लागले. २०१६ च्या जुलैत जुबात पुन्हा लढाई झाली. सगळ्या देशाचा करार पुढे १२ सप्टेंबर २०१८ ला झाला, तेव्हा मी अमळनेरला परत आले होते.

निरोप घेतला तो २०१७ मध्ये. पहिलं रजिस्टर त्याआधीच भरलं होतं. दुसरं जे मी अमळनेरहून नेलं होतं, ते एका पावसाळ्यात वाळवीने खाल्लं. म्हणून समितीने अवेलच्या बाजारातून आपल्या पैशाने नवीन विकत घेतलं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, आखूड. दुभाष्याने ते मला दाखवायला आणलं. रकाने त्यानेच आखले होते, सहाच्या सहा, मोजून. पानाच्या डोक्यावर उजवीकडे बिस्मिल्ला, डावीकडे क्रूस, आणि मध्ये त्याने जुन्या वहीवरून बघून काढलेलं एक चिन्ह. वेलांटी उलट्या बाजूला गेली होती. दुरुस्त करायला मी पेन काढलं, आणि परत खिशात ठेवलं.